‘दोन एमएमनं काय हुतंय?’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घाटात गाडी दरीत गेली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ बातमी तिथेच संपते. ब्रेक कशाने निकामी झाला, ब्रेक ज्या चकतीला आवळतो ती डिस्क कोणत्या गाडीची होती, चाक कोणत्या हबवर, म्हणजे मधल्या फिरत्या बैठकीवर, बसवले होते, हे कोणी विचारत नाही. मी सरकारी आयटीआयमध्ये तीस वर्षे टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवरचे काम, शिकवला. निवृत्त होऊन सात वर्षे झाली. गेल्या दिवाळीत अशीच एक बातमी आमच्या घरावर छापून येण्याची वेळ आली होती, म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे. मापे गाळून हा विषय सांगता येत नाही.

माझी गाडी फियाट पॅलिओ, १२४२ सीसी पेट्रोल, २००२ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. पंधरा वर्षे झाल्यावर रीतसर आरटीओत नेली, हरित कर भरला, नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. पुढे २०२२ मध्ये पुन्हा वाढवली. इंजिन आजही एका चावीत सुरू होते. कंपनीने मात्र २०१९ मध्ये भारतातली गाड्यांची विक्री थांबवली आणि तेव्हापासून एकेका सुट्या भागासाठी वणवण चालू आहे. ती मी तक्रार न करता करतो. चांगल्या लोखंडाची गाडी वापरात ठेवायची तर तेवढे करावे लागते.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर तिच्या लोखंडी रिम गंजून कडेला पातळ झाल्या होत्या. टायर बदलायला एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने अलॉय, म्हणजे मिश्रधातूचे रिम, दाखवले, देखणे होते. मी विचारले, “पीसीडी किती?” म्हणाला, “चार बाय शंभर, काका. सगळ्या गाड्यांना हेच बसतंय.” मी म्हटले, “पॅलिओला अठ्ठ्याण्णव लागतो.” त्यावर तो हसून म्हणाला, “दोन एमएमनं काय हुतंय? बोल्ट बसत्यात की!” आणि त्याने खरोखर बसवून दाखवले. चारही बोल्ट आत गेले. मी तीस वर्षे पोरांना शंभरावा भाग मोजायला शिकवला आणि त्या दिवशी घाईत होतो म्हणून मान हलवली. ही चूक माझी आहे आणि ती मी लपवत नाही. जुन्या रिम दुकानदाराने भंगारात घातल्या. नशिबाने स्टेपनी तेवढी मूळची राहिली.

पीसीडी म्हणजे चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्या वर्तुळाचा व्यास. पॅलिओचा ९८ मिलिमीटर. बाजारात सगळीकडे मिळणारा १००. व्यासात फरक दोनाचा, म्हणजे त्रिज्येत एकाचा. चार भोकांत शेजारच्या दोन भोकांचे अंतर मोजले तर एकीकडे ६९.३ येते आणि दुसरीकडे ७०.७. टेपने हा फरक कळतच नाही. शिवाय रिमचे भोक बोल्टपेक्षा सैल असते, त्यामुळे बोल्ट आत जातो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. खरी गोम बोल्टच्या शंकूत आहे. पॅलिओला नट नसतात, हबमध्ये आत जाणारे १२ मिलिमीटरचे बोल्ट असतात. त्यांच्या डोक्याखालचा शंकू रिमच्या शंकूत चारी बाजूंनी बसायला हवा. पहिला बोल्ट आवळला की तो रिमला आपल्याकडे एक मिलिमीटर ओढून घेतो. मग समोरच्या बोल्टला दोन मिलिमीटरची तफावत पडते. तो शंकूत बसत नाही, एका कडेला टेकतो आणि वाकतो. त्यात बाजारातल्या अलॉयचा मधला बोअर, म्हणजे हबवर बसणारे मधले भोक, मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, म्हणजे अनेक गाड्यांना चालावा. त्यात रिंग घातली नाही तर चाक मधोमध धरायला हबच्या खांद्याचाही आधार राहत नाही.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी, पत्नी आणि नात रत्नागिरीला निघालो. मलकापूरपर्यंत काही नाही. आंबा घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग थरथरायला लागले. मला वाटले डिस्क वाकडी झाली असेल, कारण डिस्क जुन्या होत्या आणि त्या बदलायच्या राहिल्याच होत्या. दुसऱ्या गिअरवर, ब्रेक कमीत कमी वापरत उतरलो. सपाटीला आल्यावर पुढच्या डाव्या चाकातून ‘टक् टक्’ असा आवाज सुरू झाला. साखरप्याला गाडी कडेला घेतली, पाना काढला. चारपैकी दोन बोल्ट हाताने फिरले. पाना लावायचीही गरज पडली नाही. तिसऱ्याचे आटे सोलून निघाले होते. चाक एका बोल्टवर होते.

मी त्यांतला एक बोल्ट काढून उजेडात धरला. शंकूची एक बाजू आरशासारखी चकचकीत, दुसरी अगदी काळी, कंपनीतून आली तशी. रिमच्या भोकाच्या तोंडाशी चंद्रकोरीएवढाच भाग घासलेला होता. बाकीच्या भागाला बोल्टने कधी स्पर्शच केला नव्हता. नात शेजारी उभी राहून विचारत होती, “आजोबा, चाक निघणार होतं का?” मी तिला खोटे सांगितले नाही. गाडी तिथेच एका ओळखीच्या माणसाच्या अंगणात लावली आणि आम्ही एसटीने पुढे गेलो. नंतर ती ट्रकवर चढवून कोल्हापूरला आणली.

आता यापुढचा भाग, ज्यासाठी हे पत्र आहे.

घरी आल्यावर माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक, पुन्हा ९८ च्या रिम शोधायच्या. दोन, सगळेच व्यवस्थित १०० वर न्यायचे : हब, डिस्क, चाक. दुसरा रस्ता मला आधी पटला, कारण १०० च्या रिम कुठेही मिळतात. उद्यमनगरात माझा एक जुना विद्यार्थी मशीन शॉप चालवतो. त्याच्याकडे हब आणि डिस्क काढून टेबलावर ठेवली. डिस्क स्वच्छ करून व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) लावला. व्यास २४० मिलिमीटर, सलग भरीव, मधे हवेची पोकळी नसलेली. कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंज घासून तो वाचला, तर डिस्क त्याच्याही खाली गेलेली. म्हणजे बदलायची तर होतीच.

मग १०० पीसीडीची कोणती डिस्क इथे चालेल ते शोधू लागलो. माझा समज असा होता की पीसीडी जुळला की काम झाले. तो समज आठवड्यात गेला. डिस्क हबवर बसते ती मधल्या बोअरवर. बोल्ट तिला फक्त दाबून धरतात. म्हणून आधी बोअर बघायचा. मारुती स्विफ्ट, होंडा सिटी आणि लोगान, तिन्ही गाड्या चार बाय शंभरच्या, पण चाकाच्या मधल्या बोअरची मापे अनुक्रमे ५४.१, ५६.१ आणि ६०.१. पॅलिओचा हब ५८.१ चा. स्विफ्टच्या डिस्कच्या दोन थरांच्या मधे पोकळी आहे, जाडी जास्त, आणि आमच्या कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या चिमट्याच्या, तोंडात ती शिरत नाही. लोगानची डिस्क हबवर अलगद बसते आणि तोच धोका आहे. ती सैल बसते, मधोमध राहत नाही, फिरताना हेलकावे खाते. बोअर लहान असेल तर वाढवता येतो. मोठा असेल तर काही करता येत नाही.

त्यानंतर उंची. डिस्क म्हणजे उपडी ठेवलेली टोपी समजा. टोपीचा माथा हबवर बसतो आणि कडा कॅलिपरच्या मधून फिरते. माथ्यापासून कडेपर्यंतची उंची दोन मिलिमीटरने चुकली की डिस्क एका बाजूला सरकते. मेकॅनिक सांगतात, कॅलिपर फ्लोटिंग आहे, आपोआप जागा घेईल. कॅलिपर घेईल हो, पण तो ज्या ब्रॅकेटवर बसतो ते ब्रॅकेट नकलशी, म्हणजे हब धरणाऱ्या लोखंडी भागाशी, बोल्टने आवळलेले असते. ते जागचे हलत नाही. डिस्क त्याला घासायला लागते आणि घाटात तापून लाल होते.

तापण्याचे गणितही वाचकांना सांगावेसे वाटते. हजार किलोची गाडी उंचीने शंभर मीटर खाली उतरली की जवळजवळ दहा लाख जूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. गिअरमध्ये इंजिनने अडवली नाही तर त्यातली बहुतेक चार चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते आणि पुढच्या दोन डिस्कवर त्यातला मोठा वाटा येतो. म्हणून डिस्क करड्या बिडाची करतात. त्यातला ग्राफाइट पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो, तो उष्णता झटकन वाहून नेतो आणि थरथर शोषून घेतो. आमच्या शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत हे बीड रोज ओतले जाते. कोल्हापूरच्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

दुसऱ्या गाडीची डिस्क जमत नाही म्हटल्यावर विद्यार्थी म्हणाला, “सर, मूळची ९८ चीच नवी डिस्क आणा. तिला १०० वर चार नवी भोकं पाडू. हबलाही पाडू. मशीनवर तासाभराचं काम आहे.” त्याच्या हाताबद्दल मला शंका नव्हती. पण कागदावर काढून बघितले. त्रिज्येत फरक एकच मिलिमीटर, म्हणजे जुन्या भोकाच्या जागी नवे पाडले तर दोन्ही मिळून लंबगोल भोक होणार. त्यामुळे नवी भोके जुन्या भोकांच्या मधे, ४५ अंश फिरवून पाडावी लागणार. त्याच मधल्या जागेत डिस्क हबला धरून ठेवणाऱ्या लोकेटिंग स्क्रूची भोके आहेत. ती चुकवायची तर कोन कमी करा, कोन कमी केला की दोन भोकांमधले मांस पातळ होते. हबवर तर आट्यांची आठ भोके झाली असती. असा हब दहा वर्षे चालेलही. पण तो चालेल की नाही याची चाचणी माझ्या नातीला मागच्या सीटवर बसवून घ्यायची का, हा प्रश्न होता. कायद्याचा मुद्दाही होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले आहे. मी विद्यार्थ्याला म्हटले, नको. त्यालाही ते पटले.

म्हणून पहिला रस्ता धरला. पण या वेळी नुसत्या डोळ्यांवर विसंबलो नाही. विद्यार्थ्याच्या लेथवर एक गेज, म्हणजे माप तपासायचा साचा, बनवला. बारा मिलिमीटर जाडीची पोलादी तबकडी, मधे ५८ चा खांदा, आणि ९८ च्या वर्तुळावर चार पिना. पिना सरळ ठेवल्या असत्या तर १०० ची रिमही त्यावर बसली असती, कारण भोक सैल असते आणि सारा घोटाळा तिथेच होतो. म्हणून पिनांना बोल्टसारखाच शंकू दिला. शंकूला निळा रंग लावायचा, रिम दाबायची आणि उचलून बघायची. भोकाच्या तोंडाशी निळे पूर्ण कडे उमटले तर रिम ९८ ची. कोर उमटली तर ती आपली नव्हे. हा गेज करायला मला आणि त्याला एक दुपार लागली. निवृत्तीनंतर इतक्या आनंदाने मी मशीनसमोर उभा राहिलो नव्हतो.

भाचा मुंबईत असतो. त्याला गेज पाठवला आणि तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांतून फिरला. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथल्याच जुन्या मालात तिची चाके सापडली. दुकानदाराने ‘पॅलिओच्या’ म्हणून सहा रिम काढल्या. चारांवर पूर्ण कडे उमटले, दोनांवर कोर. दुकानदार प्रामाणिक होता. त्याने त्या दोन स्वतःच बाजूला ठेवल्या आणि गेज कुठे मिळतो म्हणून विचारले.

डिस्कला मात्र जास्त वेळ लागला. पुण्यात नाना पेठेत दोन दिवस फिरलो. पहिल्या खोक्यावर गाडीचे नाव बरोबर, आत पोकळीवाली जाड डिस्क. ती पॅलिओचीच, पण दुसऱ्या इंजिनच्या मॉडेलची. दुसऱ्या खोक्यातल्या डिस्कचा व्यास बरोबर, जाडी बरोबर, बोअर बरोबर, उंची चुकलेली. दुकानदार म्हणाला, “बसेल हो, याच नेतात सगळे.” कोण नेतात आणि त्यांच्या गाड्या आज कुठल्या घाटात आहेत, हे मला विचारावेसे वाटले. चौथ्या दुकानात जुळणारी जोडी मिळाली. प्रत्येक ठिकाणी खोके उघडून व्हर्निअर लावावा लागला. दोन दुकानांत तर खोके फोडू दिले नाही. एकाही खोक्यावर माप नव्हते. फक्त गाडीचे नाव आणि किंमत.

संपादक महोदय, माझी मागणी एवढीच आहे. ब्रेक डिस्कच्या प्रत्येक खोक्यावर बाहेरचा व्यास, नवी आणि किमान जाडी, एकूण उंची, मधला बोअर, आणि भोकांची संख्या व पीसीडी एवढी मापे छापणे सक्तीचे करावे. यात खर्च शाईचा आहे. ही मापे बनवणाऱ्याकडे असतातच, त्यांच्याशिवाय डिस्क मशीनवर चढतच नाही. ब्रेम्बोसारख्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये ती ओळीने दिलेली असतात. युरोपात ब्रेकच्या बदली भागांसाठी, त्यात डिस्कही आल्या, आर-९० हा स्वतंत्र नियम आहे. आपल्याकडे औषधाच्या पट्टीवर घटक छापतात, खताच्या पोत्यावर टक्केवारी छापतात. ज्या लोखंडावर चार माणसांचा जीव घाटातून खाली येतो त्याच्या खोक्यावर ‘अमुक गाडीसाठी’ एवढेच?

हा प्रश्न माझ्या एका पॅलिओचा नाही. शेव्हरोलेची विक्री २०१७ च्या अखेरीस बंद झाली. फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. या गाड्या घेतलेली माणसे कोल्हापुरात, सांगलीत, साताऱ्यात, कोकणात आहेत. त्यांतल्या अनेकांना नवी गाडी परवडत नाही आणि सरकारने रीतसर नोंदणी वाढवून दिली आहे. गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी आहे, पण तिच्या हबला कोणती डिस्क बसते हे सांगणारे कोणी नाही. मग गल्लीतला मेकॅनिक हाताला येईल ते बसवतो. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात मापांचा कागदच कोणी दिलेला नाही.

आपल्या वृत्तपत्राची वाहन पुरवणी मी दर आठवड्याला वाचतो. नव्या गाडीचा पडदा किती इंचाचा आणि छत उघडते की नाही, हे त्यात सविस्तर असते. त्यात दर आठवड्याला एका जुन्या गाडीच्या चाकाची आणि ब्रेकची मापे एका चौकटीत छापावीत अशी विनंती आहे. पहिली काही मी देऊ शकतो. डिस्क शोधताना ज्या ज्या खोक्यात व्हर्निअर घातला त्यांची नोंद मी वहीत ठेवली आहे. विद्यार्थ्याच्या शॉपमध्ये येणाऱ्या गाड्यांच्या डिस्कही आम्ही दोघे आता मोजून लिहून ठेवतो. आजवर एकतीस डिस्क झाल्या. आयटीआयच्या आजच्या निदेशकांना माझे सांगणे आहे की मोजमापाच्या सरावाला नेहमीच्या ठोकळ्याऐवजी गॅरेजमधली टाकाऊ डिस्क द्या. पोरांचा व्हर्निअरचा हात बसेल आणि जिल्ह्याला एक तक्ता मिळेल.

तोवर वाचकांनी एक करावे. जुन्या गाडीला दुसरे चाक बसवून घेतले असेल तर या रविवारी एक बोल्ट काढून त्याचा शंकू उन्हात फिरवून बघावा. सगळीकडून सारखा घासलेला असेल तर पुन्हा आवळून टाका. एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने काळा असेल तर ती गाडी घाटात नेऊ नका. साखरप्याला काढलेला बोल्ट मी जपून ठेवला आहे. आपल्या कार्यालयात कोणाला बघायचा असेल तर तो आणि वही दोन्ही घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (टर्नर), कोल्हापूर
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे. छापू नये.)